धुरपताबाईंच्या मेंढ्यांचा काटा

मंजुषा कानडे तुळजापूरच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या. वडिलांची थोडी शेती आणि पिठाची गिरणी. गिरणीचा पट्टा तुटला की तो सांधायला घरात सगळ्यांच्या आधी मंजुषा हजर असायची. पुढं मेकॅनिकल घेतलं तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. त्याचं तिला फार काही वाटलं नाही. पुण्याजवळच्या एका कारखान्यात काही वर्षं डिझाइनचं काम करून मंजुषा मॅडम परत आल्या आणि तुळजापूरच्या बाजूला एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागल्या.

कॉलेजनं त्यांच्याकडं दोन कामं सोपवली. एक, तिसऱ्या वर्षाचे कॅपस्टोन प्रोजेक्ट, म्हणजे पदविका संपता संपता मुलांनी शिकलेलं सगळं वापरून करायचं शेवटचं मोठं काम. दुसरं, राष्ट्रीय सेवा योजना. दोन्हीकडं त्यांचं मन रमेना. शिबिराला मुलं गावात जायची, रस्ता झाडायची, शाळेच्या भिंतीवर घोषणा रंगवायची आणि फोटो काढून परत यायची. आठवड्यात रस्ता होता तसा. आणि प्रोजेक्ट तर शहरात तयारच मिळायचे. तीच फवारणीची गाडी दरवर्षी नव्या रंगात यायची आणि परीक्षा झाली की जिन्याखाली जाऊन पडायची.

मॅडमनी एका वर्षी विभागप्रमुखांना सांगून टाकलं की यंदा शिबिर आधी होईल आणि प्रोजेक्टचे विषय तिथूनच येतील. विभागप्रमुख आण्णासाहेब लोमटे सर शिस्तीचे, मुलांच्या भल्याचं बघणारे. त्यांना हे पटलं नाही. सेवा वेगळी, अभ्यास वेगळा, गावाचं काम लांबलं तर मुलांचं वर्ष जाईल, असं त्यांचं म्हणणं.

"सर, वर्ष जाणार नाही, ती जबाबदारी माझी," मॅडम म्हणाल्या. "पण या पोरांनी एक तरी अशी वस्तू करावी, की परीक्षेनंतर कुणीतरी ती मागायला येईल."

लोमटे सरांनी सही केली. मनाविरुद्धच केली.

शिबिर तामलवाडीजवळच्या एका लहान गावात लागलं. पहिले दोन दिवस मॅडमनी कुणाला झाडू हातात घेऊ दिला नाही. नुसतं गावात फिरा, लोकांशी बोला, ऐका, एवढंच. मुलांना ते झाडण्यापेक्षा अवघड गेलं. तिसऱ्या दिवशी जनावरांची तपासणी होती. डॉक्टर मेंढपाळांना समजावत होते की जंताचं औषध वजनाप्रमाणं द्यायचं असतं. तुम्ही सगळ्यांना अंदाजानं एकाच मापानं पाजता. मोठ्या मेंढीला ते कमी पडतं, तिच्या पोटातले जंत मरत नाहीत, आणि हळूहळू औषधच लागू पडेनासं होतं.

गर्दीत धुरपताबाई उभ्या होत्या. नवऱ्यामागं कळप त्यांनीच सांभाळला होता.

"सायेब, वजन कुठं करू?" त्यांनी विचारलं. "मेंढी काय आडतीच्या काट्यावर गप बसती व्हय?"

सगळे हसले. मंजुषा मॅडमनी मात्र मागं वळून तिसऱ्या वर्षाच्या महारुद्र आणि वैष्णवीकडं बघितलं. महारुद्रचा वेल्डिंगमध्ये हात धरणारं कुणी नव्हतं आणि वैष्णवीचं ड्रॉइंग चोख असायचं. त्यांना विषय मिळाला होता.

दोघांनी झटून काम केलं. लोखंडी पिंजरा, खाली सळ्यांची जाळी, त्याखाली वजनाचा सेन्सर, पुढं आकडे दाखवणारी पट्टी. वर्कशॉपमध्ये त्यांनी सिमेंटची पोती ठेवून बघितली, वजन अचूक आलं. मग टेम्पोत घालून पिंजरा गावात नेला.

मेंढ्या आत जाईनात. महारुद्रनं एकीला ढकलून आत घातलं. ती बिथरली, तिचा पाय सळ्यांत अडकला आणि सोलवटून निघाला. बाकीचा कळप उधळून शेजारच्या हरभऱ्यात शिरला. सगळी पांगापांग आवरल्यावर धुरपताबाई हळू आवाजातच बोलल्या.

"घिऊन जा तुमचं मशीन. माझी मेंढरं तुमच्या परीक्षेसाठी न्हायती."

मॅडमनी डॉक्टरांना बोलावून मेंढीच्या पायाला औषधपाणी करवलं आणि स्वतः बाईंची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी महारुद्र विषय बदलायचा अर्ज घेऊनच आला. मॅडम रागावल्या नाहीत. सही करते म्हणाल्या, पण त्याआधी काही रविवार त्या दोघांनी गावात जायचं. पिंजरा न्यायचा नाही, हत्यारं न्यायची नाहीत, फक्त कळपामागं चालायचं.

"मॅडम, आम्ही इंजिनिअर व्हायला आलोय, मेंढरं राखायला नाही."

"कारखान्यात यंत्र करायच्या आधी मी ते चालवणाऱ्याच्या शेजारी उभी राहायचे," मॅडम म्हणाल्या. "इथं चालवणार धुरपताबाई आणि आत जाणार मेंढी. दोघींना नीट बघून या."

पहिल्या रविवारी बाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी त्यांनी भाकरी दिली. त्या दिवशी वैष्णवी सकाळीच मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या वाड्यापाशी बसून चित्रं काढत होती. बघता बघता तिच्या लक्षात आलं की एक शेळी पुढं निघाली की तिच्यामागं मेंढ्या वाड्याच्या अरुंद फटीतून एकामागं एक बाहेर पडतात, कुणाला ढकलावं लागत नाही. समोर मोकळं रान दिसत असतं. आपला पिंजरा पुढून बंद होता. शिवाय पायाखाली वाजणारं, चमकणारं लोखंड.

महारुद्रनं अर्जाचं नावही काढलं नाही. पिंजऱ्याची पुढची बाजू त्यानं स्वतः कापून काढली. दोन्हीकडं हलकी दारं बसवली, खाली लाकडी फळी आणि रबर, बाजूंना गोणपाट. मेंढ्यांविषयी काही अडलं की डॉक्टरांना तो आता आपणहून फोन करायला लागला. मग धुरपताबाईंनी आणखी एक अडचण काढली. त्यांना आकडे वाचता येत नव्हते, आणि आकड्याशी त्यांना घेणंही नव्हतं. औषध किती पाजायचं तेवढं सांगा, म्हणाल्या. वैष्णवीनं आकड्यांच्या जागी रंगीत दिवे लावले आणि औषधाच्या पिचकारीवर त्याच रंगांच्या खुणा केल्या.

यावेळी शेळी पुढं गेली. मागून पहिली मेंढी फळीवर आली, दार क्षणभर लागलं, हिरवा दिवा लागला, दार उघडलं आणि ती बाहेर. मग दुसरी, मग तिसरी. बाईंनी पिचकारी भरून घेतली आणि कामाला लागल्या. महारुद्र दाराशी वाकून उभा होता तो कळप संपेपर्यंत हलला नाही.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरळच विचारलं, असे काटे बाजारात मिळतात, मग तुम्ही नवीन काय केलं? लोमटे सरांनी मागं उभ्या असलेल्या मंजुषा मॅडमकडं बघितलं. त्यांनी मुलांकडं बोट केलं. उत्तर मुलांनीच द्यायचं होतं.

वैष्णवीनं आधी फसलेल्या पिंजऱ्याचं चित्र पुढं ठेवलं, मेंढीचा पाय कुठं अडकला ते दाखवलं.

"सर, हा आम्ही आमच्या मनातल्या मेंढीसाठी केला होता," ती म्हणाली. "आणि हा दुसरा, धुरपताबाईंच्या मेंढीसाठी."

परीक्षक बराच वेळ त्यांच्यापाशी थांबले. बाहेर पडताना त्यांनी तो गाव कुठं आहे ते विचारून घेतलं.

परीक्षा झाल्यावर काटा गावातच ठेवला होता. उन्हाळ्यात एके दिवशी धुरपताबाई कॉलेजच्या फाटकात उभ्या. मॅडमना बोलवा म्हणाल्या. काटा चांगला आहे, पण लई जड. "आमी काय बारा म्हयनं एका जागी ऱ्हातो व्हय? चाकं बसवून द्या."

कुणीतरी मागायला आलं होतं. मॅडमना आनंद झाला, पण अडचण होती. विभागाचा नियम असा की दरवर्षी विषय नवा पाहिजे, जुन्या प्रोजेक्टवर काम चालत नाही. त्या लोमटे सरांकडं भांडायच्या तयारीनंच गेल्या. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव तेच राहू द्या. पुढं 'भाग दोन' लिहा, मी सही करतो."

आता त्या विभागात मुलं आधी गावात जातात, मग विषय ठरतो. सगळंच जमतं असं नाही. लोहारा तालुक्यातला एक प्रोजेक्ट साफ फसला. मुलांनी तो का फसला ते नीट लिहून दिलं, आणि मॅडमनी तोही पास केला.

चाकाच्या काट्याची चाचणी होती त्या दिवशी लोमटे सर जीपमध्ये पुढंच बसले होते. गावात उतरल्यावर चाकं मोठी हवीत की लहान, यावर त्यांची नव्या मुलांशी जुंपली. धुरपताबाई मध्ये पडून म्हणाल्या, आधी नांगरटीत ओढून तर बघा. सरांनी पँट दुमडली आणि काट्याची दांडी हातात घेतली.