वाइन चांगली आहे, असं हे म्हणाले

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात एकाही हॉटेलला सरळ चांगलं म्हटलं नाही. दहापैकी सात हा त्यांच्या कौतुकाचा कळस. सात मिळवणारी हॉटेलं हैदराबाद आणि सिकंदराबाद मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातल्याही काहींचे सात पुढे आचारी बदलला म्हणून काढून घेतलेले. हॉटेलवाल्यांना बिचाऱ्यांना याचा पत्ताही नसायचा. निकाल ऐकायला मी एकटी.

दर रविवारी दुपारी आम्ही बाहेर जेवायचो. पहिला घास हे डोळे मिटून खात. तेवढा वेळ मी तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. मग डोळे उघडत, पाण्याचा घोट घेत आणि सुरू होत. सालनाच्या रश्शात शेंगदाणे नीट भाजलेले नाहीत. बकरा म्हातारा होता. भाताला वाफ दिलीय, दम दिलेला नाही. मी म्हणायची, अहो, लोक जेवायला येतात, तुम्ही पेपर तपासायला आल्यासारखे बसता. त्यावर ह्यांचं ठरलेलं उत्तर, की न तपासता पास करत गेलो म्हणूनच देशाचं हे असं झालंय.

गंमत अशी की नोकरीसाठी पुण्याहून इथे आले तेव्हा ह्यांच्या घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं. मी इथलीच. आमचं घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीवालं. पणजोबा निजामाच्या काळात आले आणि इथल्या जामबाग वस्तीत राहिले ते राहिलेच. लग्नानंतर माझ्या ‘काय की’ला आणि ‘नक्को’ला हे पोट धरून हसायचे, आणि हॉटेलात खट्टी दाल आली की हा माणूस वेटरकडे साखर मागतो म्हणून मी हसायची. पहिलं मटण ह्यांना मीच खाऊ घातलं, बेगम बाजारातून मसाला आणून, घरी कुटून. वर्ष झालं नसेल, तर मलाच शिकवायला लागले की मराग म्हणजे मटणाचं पांढरं सूप, ते पातळ असावं पण पाणचट नसावं. नाकाने कांदे सोलणं ह्यांच्याइतकं सुरेख कुणाला जमलं नसेल. मी चिडायची. पण खोटं कशाला बोलू, मला ते बघायला आवडायचं. घास तोंडात असताना ह्यांच्या कपाळावर जी आठी पडायची, ती बघायला मी आठवडाभर वाट पाहायची.

रिटायर झाल्यावर लेक-जावयाने आम्हाला नाशिककडचे द्राक्षमळे दाखवायला नेलं, आणि हे वाइनमधले तज्ज्ञ होऊन परतले. जुबिली हिल्सकडच्या नव्या हॉटेलांत वाइन मागवली की वेटर आधी ग्लासात थोडीशी ओततो आणि चाखून पसंती द्यायची असते. ह्या रिवाजावर हे खूष होते. गिऱ्हाइकाने आधी तपासायचं हे जगात एका तरी धंद्याला कळलं, म्हणत. ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि छताकडे बघायचं. वेटर ताटकळत उभा. मी टेबलाखालून पाय मारायची, तरी ह्यांची समाधी काही भंगायची नाही. दोनदा तर बाटली परतही पाठवली होती.

मग घशात गाठ निघाली.

गाठीबद्दल मला फार लिहायचं नाही. रेडिएशन झालं, गाठ विरघळली, डॉक्टर समाधानी होते. पण तोंड कोरडं पडलं आणि चव गेली. काही महिन्यांत परत येईल, कदाचित नाहीही येणार, असं डॉक्टर म्हणाले. वजन मात्र उतरता कामा नये. उतरलं तर पोटाला भोक पाडून नळी बसवायची आणि त्या नळीतून अन्न द्यायचं. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, “ज्या दिवशी नळी, त्या दिवसापासून मी गेलो असं समज.”

मी हाय खाल्ली. घरी मऊ भात कर, खिमट कर, पेज कर, सूप कर, सगळं केलं. दोन चमचे खाऊन वाटी बाजूला सारायचे आणि भूक नाही म्हणायचे. मी आधी आर्जवं केली, मग रागावले, एकदा तर वाटी आपटली. वजनकाट्यावर उभं केलं की आकडा मी दोनदा वाचायची. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती, तिच्याकडे मी बघायचंच टाळायची.

एका तपासणीवरून परतताना माझंच डोकं भणाणलं होतं म्हणून चहासाठी आबिड्सच्या आमच्या जुन्या हॉटेलात शिरलो. आत गेल्यावर ह्यांची पाठ ताठ झाली. ओळखीचा वेटर आला, सलाम झाला, आणि ह्यांनी चक्क खिचडी-खट्टा मागवला. मसूर घातलेली खिचडी आणि चिंचेचं पातळ आंबट सार, इथल्या घराघरातलं खाणं. पहिला घास डोळे मिटून. मग खिचडी मोडून, खट्टा वर ओतून, हळूहळू का होईना, अर्धी प्लेट संपवली. वर निकालही दिला. खट्ट्यात चिंच कमी पडलीय, सहा.

मला तिथेच रडू फुटणार होतं. चव परत आली, आता नळी नको, आता सगळं मार्गी लागेल, असं काय काय मनात आलं. त्या आनंदात मी त्यांच्या वाटीतला खट्टा चमचाभर घेतला. चिंच इतकी होती की दात आंबले. ह्यांना आंबट कळत नव्हतं, गोड कळत नव्हतं, काहीच कळत नव्हतं. ह्या हॉटेलाबद्दल वर्षानुवर्षं मला जे ऐकवत आले होते तेच पाठ म्हणून दाखवत होते.

मी म्हटलं, “हो, कमीच आहे.”

तिथून माझं हे सुरू झालं. घरी न खाणारा माणूस हॉटेलात खातो, कारण तिथे त्याची अब्रू आहे, हे मी मनाशी पक्कं धरलं. परीक्षक अर्ध्यातून उठत नाही ना. मग रविवारच्या जोडीला बुधवारही आला, पुढे शुक्रवारही. मी ओळखीची हॉटेलं निवडायची, म्हणजे ह्यांचे निकाल तयार असत. पदार्थ मऊ निवडायची. तिखट कमी करा म्हणून ह्यांच्या नकळत आत जाऊन सांगून यायची. हे म्हणत, कुबानी का मीठा या गोड पदार्थात जर्दाळू फार शिजवलेत. मी म्हणायची, हो ना. हे म्हणत, मिरी जरा बोचते; मी लगेच पाणी प्यायची. नव्या जागी गेलो की आधी माझ्या तोंडाकडे बघत. मी नाक मुरडलं की मीठ जास्त, मान हलवली की ठीक. मला काही वाटलं नसलं तरी मी चेहरा करायला शिकले. लेक बंगळूरहून फोन करायची. वजन थांबलंय म्हटलं की म्हणायची, आई, तू कमाल केलीस. डॉक्टरांना तर ह्यांनी सांगून टाकलं होतं की चव येतेय हळूहळू. डॉक्टरांनीही पाठ थोपटली.

मी रोज देवापुढे हात जोडून मागायची की चव नाही आली तरी चालेल, हे नाटक चालू दे.

लेकीने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला जुबिली हिल्सच्या एका नव्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं. दुपारची वेळ, काचेबाहेर रणरणतं ऊन, आत हलक्या आवाजात गाणं चाललेलं. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी माशाचा मऊ पदार्थ आणि लोण्यातला कुस्करलेला बटाटा मागवला, माझ्यासाठी पनीर. ह्यांनी वाइनची यादी मागितली. डॉक्टरांनी एखाद्या घोटाला नाइलाजाने हो म्हटलं होतं. मी म्हटलं, आज नक्को. हे हसले आणि म्हणाले, आज नाही तर कधी.

वेटरने थोडी ओतली. ह्यांनी ग्लास फिरवला, नाकाशी नेला, घोट घेतला. पूर्वीसारखंच छताकडे पाहिलं, पण ह्यावेळी डोळ्यांत पाणी तरळलं होतं. रेडिएशनने सोललेल्या तोंडाला ती झोंबत असणार. बराच वेळ तोंडात धरून त्यांनी घोट खाली उतरवला आणि वेटरकडे बघून मान डोलावली. “चांगली आहे. अजून जरा कोवळी आहे, पण चांगली.”

वेटरने माझा ग्लास भरला. मी घोट घेतला आणि शहारले. वाइन नव्हती ती, शिरका होता. उन्हाळ्यात कुठेतरी तापून आंबलेली असावी. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, छान आहे. आणि ती छान आहे हे पटावं म्हणून पीत राहिले. छातीत जळजळ सुरू झाली तरी घोट घोट करत पूर्ण ग्लास संपवला. हे मासा खात होते. प्रत्येक घासाबरोबर माझ्या जिवाला बरं वाटत होतं.

मॅनेजर तरुण, नीटनेटका होता. हात जोडून टेबलाशी आला. पलीकडच्या टेबलावरून ह्याच पेटीतली बाटली परत आली होती. खराब निघाली होती. आमचीही तशीच असणार, आमच्या लक्षात आलंच असेल, मोठ्या मनाने बोलला नाहीत, माफ करा, नवी आणतो, असं अदबीने बोलून बाटली घेऊन गेला. त्याची काही चूक नव्हती. तरी त्या क्षणी मला त्याचा जो राग आला, तसा आयुष्यात कुणाचा आला नसेल.

ह्यांनी काटा खाली ठेवला. माझ्या रिकाम्या ग्लासाकडे बघितलं.

“सगळी प्यायलीस?”

मी मान हलवली.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

पहिल्या खट्ट्यापासून, असं मी सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर किती बरं झालं असतं. पण हलक्या आवाजात बोलले.

“मला वाटलं, तुला कळलेलं नाही. मी खातोय हे बघून तुझा चेहरा असा काही फुलायचा की मला थांबता येईना. घास उतरताना काच गिळल्यासारखं होतं गं. घरी गेलो की बाथरूमचा नळ सोडून उलटी करतो. थोडं राहतं पोटात, तेवढ्यावर काटा थांबलाय.”

मी त्यांना जगवतेय, असं मी समजत होते. आणि हा माणूस माझ्यासाठी दर रविवारी, बुधवारी, शुक्रवारी काच गिळत होता. तो बाथरूमचा नळ मी ऐकला होता. तोंड धुतात, असं समजून मी आत अंथरूण घालत होते. काळजात चर्र झालं म्हणतात, पण हे त्याहून वाईट होतं. कारण रडायलाही जागा नव्हती. मी रडले असते, तर ह्यांनी लगेच काटा उचलून पुढचा घास घेतला असता. मला ते पक्कं ठाऊक होतं.

माशाचा निम्मा तुकडा प्लेटमध्ये होता. मनात आलं, तेवढा संपवा म्हणावं. एवढाच संपवा, पुढचं पुढे बघू. त्या तुकड्यात जीव किती आहे याचा हिशोब माझं मन अजूनही मांडत होतं. तेव्हा मला माझीच शिसारी आली.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. “नका खाऊ आता.”

“मग?”

“नळी बसवू.”

हे शब्द मी बोलायला नको होते, असं वाटून मला त्यांच्याकडे बघवेना. नळीबद्दल ते गाडीत काय म्हणाले होते, ते आम्हा दोघांनाही विसरता आलं नव्हतं. पण ह्यांचे खांदे सैल झाले. कित्येक महिन्यांत प्रथमच हे खुर्चीला टेकून बसले. थकले होते, खूप. मला ते आधी दिसायला हवं होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

नवी बाटली घेऊन वेटर आला. बाटली उघडू नको म्हणून मी खूण केली. प्लेटी तशाच बघून त्याचा चेहरा उतरला.

“खाना पसंद नै आया क्या साब?”

हे त्याच्याकडे बघून हसले. ह्या शहरात इतकी वर्षं काढून ह्यांची दखनी माझ्यापेक्षाही चांगली झाली होती.

“खाना अच्छा है मियाँ. मेरी जबान गई.”

ही गोष्ट त्यांनी तोवर कुणालाही सांगितली नव्हती. वेटरच्या सवयीचं तेवढंच असेल, पार्सल बांधू का म्हणून त्याने मला विचारलं.

मी त्याला माझं तेवढं बांधायला सांगितलं.