डावा हात मोकळा

जो दुकानदार भाव सांगण्याआधी शेजाऱ्याला विचारून येतो, त्याच्याकडून मी कधी माल घेतला नाही. रेणापूरला आमचं किराणा दुकान आहे आणि गल्ल्यावर मीच बसते, त्यामुळे माणूस ओळखण्याची मला जरा घमेंडच होती. कावीळ हटेना म्हणून लातूरला दाखवलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, "मावशी, स्वादुपिंडात गाठ हाय, कॅन्सरची दिसते. पण मी एकटा ठरवणार न्हाई, आमच्या बैठकीत मांडतो." माझ्या मनात आलं, ह्या माणसाला काही कळत नाही. घरी येताना ह्यांना म्हणाले, "अहो, इचारत फिरणारा डाक्टर नको, सांगणारा बघा." आमचे हे शांत स्वभावाचे. म्हणाले, "लई शाणपन नको. बघू तर खरं."

बैठक पडद्यावरची होती. लातूर, नांदेड आणि हैदराबादचे दवाखाने एकमेकांशी जोडलेले. ठरलेल्या वारी डॉक्टर आपापल्या जागी बसून एकेका पेशंटचं स्कॅन पाहतात आणि मिळून उपचार ठरवतात. कावीळ उतरावी म्हणून माझ्या पित्तनलिकेत नळी बसवली ती नांदेडला, तपासणीसाठी गाठीचा तुकडाही तिथेच काढला. लातूरच्या डॉक्टरांना वाटत होतं, लगेच ऑपरेशन करावं. नांदेडच्यांनी दाखवून दिलं की गाठ मोठ्या रक्तवाहिनीला टेकली आहे, आणि ऑपरेशन करणारे हैदराबादचे सर्जन म्हणाले, आधी केमो द्या, गाठ आकसू द्या, मग बघू. "घाई केली असती तर चुकलो असतो," असं लातूरच्या डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं. आपलं चुकलं असतं हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. माझी अर्धी घमेंड तिथेच उतरली. केमो लातूरलाच झाली, त्यामुळे घरची भाकरी सुटली नाही. गाठ आकसली, तेव्हा बैठकीत हैदराबादला ऑपरेशन ठरलं.

पण माझी खरी भीती मरणाची नव्हती. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग आम्ही अंगावेगळं करत नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, आणि शेवटी माती देतात तेव्हाही ते तळहातावरच असतं. लातूरला स्कॅनच्या वेळी लिंगाची चांदीची डबी काढायला सांगितली, तर मी दवाखाना डोक्यावर घेतला होता. तेव्हा डॉक्टर स्वतः आले, डबी बाजूला ठेवली आणि लिंग फडक्यात बांधून माझ्या हातात राहू दिलं. पण ऑपरेशन म्हणजे काही स्कॅन नव्हे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, लिंग काढा म्हणाले तर टेबलावरून उठून सरळ घरी यायचं. हे मी ह्यांनाही बोलले नाही. पूजेत मात्र रोज म्हणायची, "महादेवा, तू मला सोडू नको, मी तुला सोडणार नाही." ती प्रार्थना कसली, सौदाच होता.

ऑपरेशनच्या सकाळी हैदराबादला एक अनोळखी नर्स सलाईनची सुई घेऊन आली. लिंग डाव्या मुठीत आवळून मी आता भांडणार, तोच तिनं माझा उजवा हात धरला.

"अम्मा, सुई सीधे हाथ को लगाते. बायां हाथ तुम्हारे भगवान का है, खाली रखना बोले."

"कौन बोला?"

"लातूर के डाक्टर साब मीटिंग में बोले, सब डाक्टरां मान गए. फिकर नक्को करो."

तिनं लिंग स्वच्छ कापडात गुंडाळून माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं, वरून पट्टी बांधली आणि माझी मूठ मिटवली. मला रडू आवरेना. स्कॅनच्या वेळचा माझा गोंधळ लातूरच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवला होता, आणि नवऱ्यालाही न सांगितलेली माझी भीती माझ्याआधी हैदराबादला पोचली होती. एवढ्या मोठमोठ्या डॉक्टरांनी माझ्या गाठीबरोबर माझ्या इष्टलिंगाचाही विचार केला होता. ह्याला कृपा म्हणावं की चांगली व्यवस्था, ह्याचा काथ्याकूट मी करत नाही. आमच्यात पूर्वी शरण, म्हणजे आमचे संत, एकत्र बसून आपापला अनुभव एकमेकांपुढे मांडत. एकट्याचं शहाणपण पुरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा फार आधी कळलं होतं.

टेबलावर झोपवलं तेव्हा क्षणभर वाटलं, हा हात पूजेसाठी मिटला आहे की मातीसाठी? मग म्हटलं, देवा, ते तुझं तू बघ. त्यानंतर मी काही मागितलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा मूठ तशीच मिटलेली होती.

उरलेली केमो पुन्हा लातूरला झाली. तपासण्या चालू असतात, आणि गल्ल्यावर पुन्हा मीच बसते. आता बैठकीच्या वारी माझी पूजा जरा लांबते. त्या दिवशी पडद्यावर कुणाचं तरी स्कॅन लागलेलं असतं. त्याचं नाव मला ठाऊक नाही, भीती तेवढी ठाऊक आहे. डावा तळहात पुढे धरून मी म्हणते, आज हा माणूस तुझ्या हातावर. मग उठून दुकान उघडते.