उजवीकडचा एक

हे मी आजवर कुणापाशीही बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. तुमच्यापाशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांचं माझ्याविषयी फार चांगलं मत आहे — आणि त्या मतावर मी इतकी वर्षं ऐटीत जगले आहे.

एकतीस वर्षं मी गणित शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. 'बाईंनी आमचा पाया पक्का केला,' असं एक माजी विद्यार्थी माईकवर म्हणाला. मी मान खाली घालून बसले. लोकांना तो विनय वाटला. विनय! कुणाला काय वाटेल, सांगता येत नाही.

आधी एक साधी गोष्ट. डोळे मिटा आणि एकपासून शंभरपर्यंत आकडे मनात आणा. ते कुठंतरी रांगेत उभे असलेले दिसतात — हो ना? तुमचा एक बहुतेक डावीकडे असेल आणि शंभर लांब उजवीकडे. माझं उलटं आहे. माझा एक उजव्या खांद्यापाशी असतो, आणि आकडे वाढत वाढत डावीकडे जातात. लहानपणी आम्ही शहागंजात राहायचो. आई नोकरीवर गेली की मी शेजारच्या खालाजानकडे असायची. त्या उर्दू वाचायच्या, उजवीकडून डावीकडे, आणि मला मोजायला शिकवताना चिंचोकेही तसेच मांडायच्या. बस, एवढंच. यात लपवण्यासारखं काय आहे? काही नाही. तरी मी लपवलं. गणिताच्या बाईच्या डोक्यातले आकडे उलटे उभे आहेत हे कळलं तर लोक काय म्हणतील — एवढ्या भिकार भीतीपायी.

फळ्यावर संख्यारेषा काढताना मी आधी उजव्या टोकाला बाण काढून ठेवायची. मुलांना ती शिस्त वाटायची. तो बाण नसता तर सात पाचाच्या कुठल्या बाजूला लिहायचा, इथं माझा हात अडला असता. अशी मी. पाया पक्का करणारी.

मग शाहिदा आली. फुलंब्रीहून रोज एस.टी.नं यायची, तिसरीला गणित शिकवायची. दोन वर्षं पूर्ण होत आली होती, आता तिला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. घरात कमावणारी ती एकटी, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. तिचा पाठ बघून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ज्येष्ठ. ज्येष्ठ म्हणजे काय, तर जास्त दिवस खुर्ची अडवून बसलेली.

त्या पाठात तिनं मुलांना डोळे मिटायला लावले. 'एक कुठं दिसतो, दहा कुठं दिसतो, हातानं दाखवा.' कुणी डावीकडून दाखवलं, कुणी खालून वर. एका मुलीनं उजवीकडून सुरुवात केली. शाळेत येण्याआधी ती रोज सकाळी मदरशात वाचायला जायची. वर्ग हसला. शाहिदा म्हणाली, 'हसायचं नाही. ज्याचे त्याचे आकडे ज्याच्या त्याच्या जागी असतात. आता पुस्तकात कसे लिहितात ते बघू.' आणि मग तिनं संख्यारेषा अशी शिकवली की मागच्या बाकावर बसल्या बसल्या मला — पन्नाशी उलटलेल्या बाईला — ती पहिल्यांदा नीट कळली. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आणि मी काय केलं? शिक्षकांच्या खोलीत जाऊन मी चहा पिता पिता म्हणाले, 'फुलंब्रीच्या गाडीत आकडेपण उलटे बसून येतात वाटतं.' सगळे खिदळले. त्या खोलीत दुसऱ्याच्या फजितीशिवाय कधी काही पिकलंच नाही, आणि मी तिथली जुनी माळीण.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर कबुलीजबाब? थांबा. टवाळी तर मी जन्मभर केली. ही गोष्ट वेगळी आहे.

दोन दिवसांनी मी हजेरी क्रमांकानुसार उत्तरपत्रिका लावत होते. दहा-दहाचे गठ्ठे — पहिला टेबलाच्या उजव्या कडेला, पुढचे डावीकडे. एकटी असले की मी असंच लावते. शाहिदा कधी आत आली, कळलं नाही. तिनं गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि हसली. टोमणा नव्हता हो त्यात — आपलं माणूस भेटल्यासारखी हसली. हळूच म्हणाली, 'मॅडम, तुमचं बी उजवीकडूनच हाय की! आमच्या घरी सगळ्यांचं असंच हाय.'

मी म्हणाले, 'काहीतरीच काय.' आणि गठ्ठे उलट क्रमानं लावले. तिच्यासमोर.

त्या दिवशी संध्याकाळी मुकुंदवाडीला घरी येऊन मी अहवाल लिहिला. 'मूलभूत संकल्पना स्पष्ट नाहीत. विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. कायम करण्याची शिफारस करता येत नाही.' सुवाच्य अक्षरात. मला तिचा पाठ कळला नव्हता असं नाही. तो माझ्याइतका त्या शाळेत कुणालाच कळला नसेल. मी लिहिलं ते तिनं मला पाहिलं होतं म्हणून. ती शाळेत राहिली असती तर कधी ना कधी बोलली असती, या भीतीनं मी तिची नोकरी घालवली. इतकं क्षुद्र कारण.

मुख्याध्यापिकेनं दोघींना बोलावलं. अहवाल मोठ्यानं वाचला. 'संकल्पना स्पष्ट नाहीत' हे ऐकताना शाहिदानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिनं एकच वाक्य बोलायचा अवकाश होता — मॅडमना विचारा, त्यांचा एक कुठल्या बाजूला आहे. मी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. मुख्याध्यापिका तिला म्हणाली, 'तुम्हाला काही सांगायचंय?'

शाहिदा म्हणाली, 'नाही, मॅडम. त्यांची गोष्ट त्यांची हाय. मी कशाला सांगू?'

मुख्याध्यापिकेला त्यातलं काही कळलं नाही. तिनं अहवालाचा कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.