करंगळीची शाई

गल्लीत त्यांना सगळे दीडकाका म्हणत. खरं नाव विचारलं तर बायकोलाही क्षणभर वर बघून आठवावं लागे. डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच तोकडा, म्हणून डाव्या बुटाचा तळ दीड इंच जाड. लहानपणी पोरं ‘दीडपाया’ म्हणून चिडवायची. लग्नानंतर बायकोनं त्यात दुरुस्ती केली. “पायाचं काय घेऊन बसलात, तुम्ही मुळात दीडशहाणे आहात!” असं ती एकदा भर दुकानात म्हणाली आणि गल्लीनं ते तातडीनं मंजूर केलं.

काका बूट शिवायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे जोडीजोडीनं टांगलेले. बेकरीवाल्याचे पाय पावासारखे फुगलेले, न्हाव्याचे सुरीसारखे सडपातळ, हेडमास्तरांचे अंगठे वर, जणू अजून कुणाला तरी रागावतायत. दुपारी जेवण झालं की काका बूट काढून खुर्चीत रेलायचे आणि डोळा लागला की हे सगळे पाय खिळ्यांवरून अलगद उतरून चालू लागायचे. दारातून बाहेर, छपरांवरून, ढगांच्या कडेकडेनं. काका मागोमाग. स्वप्नात त्यांचे दोन्ही पाय सारखे असत आणि चालताना जराही आवाज होत नसे.

जागेपणी मात्र ते आपल्या पायाची गोष्ट गिऱ्हाइकाला बुटाच्या भाषेत समजावत. “दोन वर्षांचा होतो. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी पाय उचलेना. पोलिओ. घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून तो तोंडावाटे पोटात शिरतो. दोनशे जणांत जेमतेम एकाचा पाय धरतो, बाकीचे धडधाकट हिंडतात आणि नकळत दुसऱ्यांना वाटत सुटतात. तो शिरतो मज्जातंतूत. आता हा बूट बघा. आतला दोरा तुटला तर मी उसवून परत शिवीन. माणसाला उसवता येत नाही. औषध नाही त्याला. आधीच थेंब घ्यायचे, एवढंच हातात आहे. आमच्या गावात तेव्हा ते पोचले नव्हते.”

“काका, मी फक्त टाच लावायला आलोय,” असं एखादा म्हणे.

“टाच लावतोच आहे. घरात लहान मूल आहे का, ते सांग.”

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात घोटाळा व्हावा, म्हणजे कमाल होती.

नात दोन वर्षांची. दिवसभर तुरुतुरु पळायची म्हणून तिचं नाव खारूताई. सूनबाई माहेरी गेली होती, तेव्हा खारूताईचा एक डोस हुकला होता. त्यामुळे दवाखान्याची माणसं घरोघर थेंब पाजायला येणार म्हटल्यावर काका सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले. बायको शेजारी गेली, सूनबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला. खारूताई काकांजवळ राहिली.

“बाबा, झोपू नका हं,” सून जाता जाता म्हणाली.

“मी? आज? काहीतरीच!” काका म्हणाले आणि पाचव्या मिनिटाला बूट काढून ढगांच्या कडेनं चालू लागले.

पाय पुढे चालले होते. कुठूनशी एक बाई बोलल्याचं ऐकू आलं: “हिची करंगळी रंगलेली आहे. हिला दिलेत. चला पुढे.” काका स्वप्नातच समाधानानं हसले. मग त्यांना रांगेच्या टोकाला साच्यांचा एक इवलासा जोड दिसला. तो मागे पडत होता. टक... टुक. टक... टुक. त्याच्या डाव्या तळाला दीड इंचाची जाड चकती ठोकलेली होती. ते काम काकांनी लगेच ओळखलं. स्वतःचंच होतं.

ते दचकून जागे झाले. समोर खारूताई जमिनीवर बसलेली, पुढ्यात बुटांच्या काळ्या रंगाची बाटली उघडी आणि तिचा डावा हात मनगटापर्यंत काळा. थेंब पाजले की डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करतात. ही खूण हिनं स्वतःच, तीही सढळ हातानं, करून ठेवली होती.

काकांनी तिला खांद्यावर टाकलं आणि धूम ठोकली. गल्लीनं काकांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यामागून गच्चीवरून उतरलेली सून, हातात काकांचा जाड तळाचा बूट उगारून: “बाबा! थांबा! अहो बाबा!”

न्हाव्यानं अर्धी दाढी तशीच सोडली. “कलियुग आलं! सून सासऱ्याला बुटानं मारतेय!”

कोपऱ्यावर थेंबांची निळी पेटी घेतलेल्या नर्सबाईला काकांनी गाठलं. धापा टाकत त्यांनी खारूताईला तिच्यापुढे उभं केलं.

“काका, हिला दिलेत. करंगळी काळी बघितली मी.”

काकांनी आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले. चाळीस वर्षांच्या रंगानं दहाही बोटं काळीकुट्ट. “मग मला किती वेळा दिलेत, मोजा बरं!”

नर्सबाई एकदा त्या हातांकडे बघत राहिली, एकदा त्यांच्या पायाकडे. अनवाणी डावी टाच जमिनीपासून दीड इंच वर होती.

“समजा, आधी दिले असतील आणि परत दिले, तर बिघडतं का काही?” काकांनी विचारलं.

“काही नाही बिघडत.”

“मग घाला.”

दोन थेंब पडले. खारूताईनं तोंड वाकडं केलं, ओठ चाटले आणि पुन्हा आ केला. खूण करायला नख उरलं नव्हतं, म्हणून नर्सबाईनं वहीत लिहून घेतलं. तोवर सून पोचली आणि वाकून तिनं सासऱ्याच्या पायात बूट चढवला. न्हाव्याची घोर निराशा झाली.

रंगाची बाटली आता सगळ्यात वरच्या फळीवर असते. दुसऱ्या दुपारी साचे पुन्हा उतरून चालू लागले. इवलासा जोड आज सगळ्यांच्या पुढे होता, हेडमास्तरांच्याही, आणि त्याचा आवाज येत नव्हता.

“अगं, हळू!” काका झोपेत पुटपुटले.

“कुणाला हळू म्हणताय?” बायकोनं विचारलं. “तुमच्या पुढे कोण पळतंय?”

“खारूताई,” काका डोळे न उघडता म्हणाले. “गाठवत नाहीये मला.”