खोट्या पाळीचे चार दिवस

मुखेडहून फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी पेपर तपासत होते. थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, सकाळी चहा ठेवता ठेवता गेल्या. दुपारी मी पोहोचेपर्यंत चौकात फ्लेक्स लागला होता: ‘धर्मपरायण, व्रतस्थ माउली’. या धर्मपरायण बाईनं माझ्यासाठी सलग दोन वर्षं, देवघराच्या दारात उभं राहून, रीतसर खोटं बोलून काढली होती...

तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते, मुखेडच्याच शाळेत शिकवायची. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. लागोपाठ तीन महिने पाळी चुकली आणि घरानं परस्पर निकाल लावला. सासूबाईंनी मला कळशी उचलू देणं बंद केलं, शेजारी पेढे वाटले. घरी केलेली चाचणी ‘नाही’ म्हणाली, तर त्यांच्या मते चाचणीच खोटी. शेवटी अक्का मला लातूरला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. दवाखान्याच्या भिंतभर गुटगुटीत बाळांचे फोटो. ज्यांना बाळ होत नाही त्यांनीच ते बघत दोन तास बसायचं. डॉक्टरबाई मात्र सरळ बोलल्या. चाळिशीच्या आत काहीजणींची पाळी जाते, तुझीही चाललीय, यात तुझा दोष नाही. हाडांसाठी गोळ्या घे. मूल हवं असेल तर दुसऱ्या बाईचं बीज घेऊन प्रयत्न करता येईल.

परतीच्या एसटीत मी एवढंच म्हणाले, “अक्का, घरी कळलं तर?” नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नासाठी कंधारची एक मुलगी सासूबाईंच्या बोलण्यात अधूनमधून येत होतीच. माझा नवरा भला माणूस; पण आईसमोर त्याचा घसा बसायचा.

“कळायचं कशाला?” अक्का म्हणाल्या. “तू म्हयन्याच्या म्हयन्याला बाजूला बस. बघायला कोण येऊन राहिलंय?”

आमच्याकडे पाळी आली की चार दिवस मागच्या खोलीत बसायचं. स्वयंपाकघर आणि देवघर बंद. शाळेला विटाळ चालायचा, तिथे देवघर नव्हतं. अक्कांनी देवघराच्या दारात उभं राहून सांगितलं, दिवस नव्हतेच, पाळी नुसती लांबली होती; आणि माझं खोटं बसणं सुरू झालं. तारीख अक्का ठरवायच्या. एकदा त्यांचं गणित चुकलं आणि मी पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा बसले. सासूबाईंनी काळजीनं कडू काढा पाठवला; तो अक्काच प्यायल्या आणि दोन दिवस पोट धरून फिरल्या. माझं ताट मात्र त्यांनी कधी लांबून सरकवलं नाही. दार लोटून शेजारी जेवायला बसायच्या. “खोटंच हाय, तर लांबून कशाला?” बाजूला बसायचं ते माहेरी बसते, असं सांगून लातूरच्या खेपा झाल्या. नवऱ्याला तेवढं ठाऊक होतं; त्याच्या संमतीनं बीज घेऊन एकदा प्रयत्न केला. तो टिकला नाही... त्या दिवशी अक्कांनी मला समोर बसवलं. आणि माझी वेणी घालून दिली.

दुसऱ्या वर्षी महालक्ष्म्या आल्या. सणाला बाजूला बसलीस तर कुणाला शंका यायची नाही, असा अक्कांचा डाव. म्हणून मी आदल्या दिवसापासून बसलेली. आणि ऐन नैवेद्याच्या सकाळी अक्कांचीच पाळी आली. सासूबाईंचे गुडघे गेलेले, घरात दुसरी बाई नाही. नैवेद्य घरच्याच बाईच्या हातचा लागायचा, तरी नाइलाजानं त्या शेजारणीला बोलवायला निघाल्या, तेव्हा अक्का मागच्या खोलीतून म्हणाल्या, “आत्याबाई, धाकटीला चालतं. तिची पाळी कवाच गेली. लेकरू व्हायचं न्हाई तिला. आता सोवळ्याला ती तुमच्या बरोबरीची हाय.”

मला वाटलं, संपलं. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “दोन वर्सं उगंच बसलीस?”

“हो.”

“मला भेलीस?”

मी चटईवरून उठून उभी राहिले.

“आंघोळ कर,” त्या म्हणाल्या. “पुरण शिजाया टाक.”

ही माफी होती की नैवेद्याची घाई, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कंधारच्या मुलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्या दुपारी मी माझं ताट घेऊन अक्कांशेजारी जाऊन बसले. त्या दचकून मागे सरकल्या. “लांब हो गं, माझं खरं हाय!”

“असू द्या की.”

मग त्यांनी अर्धी चटई मोकळी केली.

गेल्या आठवड्यात अक्कांच्या तेराव्याला मुखेडला गेले होते. आता घरात कुणी बाजूला बसत नाही. तरी मी ताट घेऊन मागच्या खोलीतच गेले. थोड्या वेळानं सासूबाई दारात आल्या. त्या खोलीचा उंबरा त्यांनी ओलांडलेला मी कधी पाहिला नव्हता. भिंतीला धरत धरत आत आल्या, आणि खाली बसता बसता म्हणाल्या, “सरक जरा.”