सुभेदारांची शेवटची फेरी

सुभेदार मोऱ्यांशी शेवटच्या भेटीत मी खोटं बोललो. हॉस्पिटलात, नाकात नळी असताना त्यांनी विचारलं, "शेवटची फेरी बसली का?" मी म्हटलं, "बसली." बसली नव्हती. माणूस आठवड्यात घरी येईल, मग गुपचूप शिकून घेऊ, असा माझा हुशार बेत. ते हसले. "खलास. सुटलो म्हणायचं मी." तिसऱ्या दिवशी खरोखरच सुटले...

सुभेदार म्हणजे फौजेतले निवृत्त पाइप मेजर, बॅगपाइप बँडचे म्होरके, साताऱ्याकडचे. इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगचे सिक्युरिटी सुपरवायझर. बॅगपाइप म्हटलं की आपल्याला परेडचा बँड आठवतो. त्यांच्याकडे मात्र स्कॉटलंडच्या डोंगरातलं जुनं शास्त्रीय वादन होतं, पिब्रॉक. एक संथ मूळ चाल, तिच्यावर चढत जाणाऱ्या फेऱ्या, आणि सगळं झाल्यावर पुन्हा तीच उघडी चाल. सूर पुस्तकात छापलेले मिळतात. कुठल्या सुरावर किती थांबायचं ते मिळत नाही. ते तोंडी घ्यायचं. गुरू 'हि-हा-रिन, हो-द्रो' असं गाणार, शिष्यानं तसंच परत गायचं, मग बोटं. सुभेदारांच्या उस्तादांनी एक चाल त्यांना अशीच दिली होती, आणि ती पुढे द्यायची एवढीच त्यांची काळजी. आधीचे दोन चेले सोडून गेले. उरलो मी. त्या चालीचं नशीबच फुटकं!

मी एसी डक्टची एस्टिमेटं करणारा माणूस. हवेचा दाब हा माझ्या पोटापाण्याचा विषय, पण काखेतल्या पिशवीतला दाब चार वर्षांत मला सांभाळता आला नाही. पहिल्या रविवारी बेसमेंट पार्किंगमध्ये असं फुंकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पिशवीतून नुसती फुसफुस. वरच्या मजल्यावरून तरी कम्प्लेंट आलीच. ती नोंदवणारे सुभेदारच. रजिस्टरात त्यांनी लिहिलं, 'बॅगपाइपचा आवाज आढळला नाही', आणि मला म्हणाले, "साहेब, हे खरंच लिहिलंय बरं का." पुढे मी त्यांची जपून ठेवलेली, पाइपमधून सूर काढणारी वेताची पत्ती 'सुरक्षित' म्हणून एसीच्या झोताखाली ठेवली. सकाळी ती उभी चिरलेली. "एसीवाल्यानं एसीनंच मारली," एवढंच बोलले आणि दुसरी काढली.

दोन खांबांच्या मधून, गाड्या चुकवत, ते गात चालायचे आणि मी मागे. मी घाई केली की वळून बघत. "ही यल्ला-यल्लाची चाल न्हाई." फोनवर रेकॉर्ड करू देत नसत. "मग फोन शिकंल, तुमी न्हाई." शेवटच्या फेरीत एकेका सुराभोवती बोटांची नुसती गर्दी उसळते. तिथे मी मान डोलवायचो. ती कला मी क्लाएंट मीटिंगांमध्ये चांगली कमावलेली आहे. त्यांना वाटलं, बसतंय...

अंत्यविधी गावी झाला. महिन्याभरानं त्यांच्या पत्नी, काकू, अल मनखूलला मुलाकडे परत आल्या, तेव्हा भेटायला गेलो. फ्रिजवरून त्यांनी फौजी टॉवेलात गुंडाळलेला चँटर काढला, शिकायची ती बिनपिशवीची नळी. तोंडाशी सुभेदारांच्या दातांच्या खुणा.

"तुमच्यासाठी ठिवलाय," काकू म्हणाल्या. "दवाखान्यातनं फोन केलावता. म्हणले, पोचवलं एकदाचं. आता उस्तादापुढं उभं ऱ्हायला तोंड हाय मला."

मी वाजवायला बसलो. मूळ चाल आली. पुढच्या फेऱ्याही धडपडत आल्या. शेवटच्या फेरीच्या तोंडाशी बोटं थांबली. मान डोलवून भागण्यासारखं तिथे कुणीच नव्हतं. मग मी सगळं सांगून टाकलं, आणि निलाजरेपणाने विचारलंही, "काकू, ते गायचे तेव्हा तुमच्या कानावर पडत असेल... आठवतं का काही?"

"मी भाकरी थापू का त्यांचं हि-हो ध्यानात ठिवू?"

म्हणजे आता कुठेच नाही. त्या थांब्यांनिशी ती फेरी या जगात कुणाकडेच नाही. सुभेदार हृदयविकारानं गेले. त्या फेरीत उरलेल्या त्यांच्या उस्तादांना मात्र मी मारलं.

काकूंनी माझ्या हातून चँटर काढून घेतला, टॉवेलात गुंडाळला, फ्रिजवर होता तिथे परत ठेवला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तवा खोटं बोलाया बरा दम पुरला तुमाला."