साखरेच्या डोळ्यांची माणसं

बाबेट झाइडलरने शेहेचाळीस वर्षांत किती माणसं घडवली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तारेत सुके आलुबुखार ओवले की हातपाय झाले, मधे अंजीर खोचलं की पोट झालं आणि वर अक्रोड बसवला की डोकं. मग कुणाच्या खांद्यावर शिडी द्यायची, कुणाच्या काखेत झाडू, कुणाला नवरीचा झगा. शेवटी बारीक कुंचल्याने अक्रोडावर तोंड काढायचं. नाताळच्या आधीचे चार आठवडे जुन्या गावाच्या चौकात बाजार भरे, तेव्हा कारंज्याशेजारचं लाल-पांढऱ्या कापडी छपराचं दुकान तिचं. त्याआधी ते तिच्या सासूचं होतं.

बरोबर समोर ओटिलियेचं दुकान. तिच्याकडे मध-मसाल्याचे केक, चांगले ताटाएवढे, बदामाच्या आकाराचे, आणि त्यांवर साखरेच्या पांढऱ्या लेपाने काढलेली फुलं आणि नावं. दोघी सकाळी फळ्या उघडायच्या आतच सुरू व्हायच्या.

"काय गं ओटिलिये, कालच्याच विटा आणल्यास का?"

"विटा असू देत. माझा माल खाता तरी येतो. तुझी ती सुरकुतलेली पिलावळ नुसती बघत बसायची."

"बघत बसतात, पण दात पडत नाहीत कुणाचे!"

गिऱ्हाइकं गरम वाइनचे मग हातात धरून हे ऐकायलाच थांबायची. हसता हसता दोघींकडूनही काही ना काही घेऊन जायची.

पण यंदा बाबेटच्या पोटात एक गोष्ट होती. तिला नीट दिसत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मागच्या नाताळातच चौकातले दिवे लागले की तिला एकाचे तीन दिसायला लागले होते. तेव्हा तिला वाटलं, बाजाराच्या समितीने दिव्यांवर हात सैल सोडलाय. यंदा ऑक्टोबरात पहिल्या अक्रोडावर डोळे काढले ते दोन्ही एकाच गालावर आले. पुरावा नको म्हणून तिने तो अक्रोड फोडून खाल्ला.

बाजाराचा नियम कडक. ज्याचं दुकान, त्याच्याच हातचा माल. मागच्या वर्षी एका मेणबत्तीवाल्याच्या मेणबत्त्या बाहेरून आलेल्या निघाल्या, तर समितीने दुसऱ्याच दिवशी त्याची फळकुटं उतरवली होती. आपलं कारंज्याशेजारचं दुकान गेलं, तर डिसेंबरात आपण करायचं काय, हे बाबेटला सुचतच नव्हतं. खिडकीत बसून दुसऱ्यांचे दिवे बघायचे?

एका रविवारी कॉफी प्यायला आलेल्या ओटिलियेने टेबलाखालची टोपली बघितली. टोपलीभर बिनचेहऱ्याची माणसं.

"हे काय गं?"

"विश्रांती घेतायत."

ओटिलियेने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. मग टोपली उचलली. "दे इकडे. आणि कॉफी पुन्हा गारच दिलीस."

आता गंमत अशी की ओटिलियेचा हात चाळीस वर्षं साखरेचा. घरी तिने रंग काढला खरा, पण रंगाचा पांढरा तिला मेलेला वाटला. तिने सवयीने साखरेच्या लेपाची पिशवी उचलली आणि टप टप डोळे, टप टप दात. वर काळ्या रंगाचा ठिपका. माणसं अशी चमकायला लागली की जणू आत्ताच जेवून उठलीत. बाबेटला कुठे काय दिसतंय? तिने हाताने चाचपली आणि म्हणाली, "बरी झालीत."

पहिले दोन आठवडे कडाक्याची थंडी होती, सगळं निभलं. तिसऱ्या आठवड्यात हवा फिरली. धुकं आलं, त्यात शेजारच्या वाइनच्या पातेल्यांची वाफ. एक तरुण आई दुकानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आजी, आमच्या धुराडी झाडणाऱ्याचे डोळे आमच्या धाकट्याने चाटून खाल्ले. मी घाबरले, रंग असेल म्हणून. चाखून बघितलं, तर गोड!"

तिच्या मागचा म्हातारा म्हणाला, "आमच्या नवरदेवाचे दात ओघळले. एका रात्रीत दाढी फुटली त्याला!"

लोक खो खो हसले. बाबेटने डोळे ताणून समोर बघितलं. ओटिलिये घाईघाईने केक पुसायला लागली होती, आणि केक काही कुणी पुसत नाही.

ही गोष्ट समितीच्या कानावर जायला काय वेळ? साडेतीन-चारच्या सुमारास समितीचा वोल्फराम वही घेऊन हजर. पन्नाशीचा, पोट सुटलेला, नियमाला पक्का.

"झाइडलरबाई, ही तोंडं तुम्हीच काढलीत ना?"

"अरे वोल्फराम, तू शेंबडा होतास तेव्हापासून काढतेय."

"मग एक माझ्यासमोर काढा."

बाबेट खुर्चीत बसली. एका हातात अक्रोड, एका हातात कुंचला. अक्रोड जवळ धरला तर धूसर, लांब धरला तर नाहीसाच. भोवती लोक जमले. कुंचला हवेतच थांबला.

तेवढ्यात समोरून खणखणीत आवाज आला.

"बघा, बघा! आता डोळा कानात घालणार ही! अगं, जन्मभर नाक वर करून चाललीस, आता हातही जरा वर कर की!"

कुंचला वर गेला.

"आणि इतकी डावीकडे कुठे निघालीस, माहेरी? ये परत!"

कुंचला उजवीकडे सरकला आणि टेकला. एक डोळा.

"आता तेवढंच अंतर सोड, जेवढं माझ्यापासून सोडायला हवं होतंस! हां, तिथेच मर!"

दुसरा डोळा. लोक हसत होते, वोल्फरामही हसत होता. मग त्याचं हसणं थांबलं. त्याने एकदा ओटिलियेकडे पाहिलं, एकदा बाबेटच्या डोळ्यांकडे. तोंड जरा तिरकं झालं होतं, पण माणूस जिवंत वाटत होता.

"जमलं," तो म्हणाला आणि वही मिटायला लागला.

इथे बाबेटला गप्प बसता आलं असतं. बसवेना.

"थांब. हे एक माझं. बाकीची तोंडं हिची आहेत. मला दिसत नाही रे. काय लिहायचं ते लिही."

वोल्फरामने वहीचं शेवटचं पान काढून बराच वेळ नियम वाचला. "यात लिहिलंय, स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या हातचं. ओटिलियेबाई, तुम्ही यांच्या घरच्या का?"

"चाळीस वर्षं दर रविवारी हिची गार कॉफी पितेय. परकं माणूस एवढं सहन करेल का?"

"मग घरच्याच," वोल्फराम म्हणाला. "फक्त रंग वापरा. साखर नको. आणि झाइडलरबाई, जानेवारीत डोळ्यांचं ऑपरेशन."

तेवढ्यात चर्चच्या पायऱ्यांवरून कारंज्यापर्यंत दिव्यांच्या माळा लागल्या. बाबेटला एकाचे तीन दिसले. या खेपेला तिने समितीला श्रेय दिलं नाही.

तिने तो तिरक्या तोंडाचा माणूस उचलला, चाचपडत समोर गेली आणि केकांच्या मधोमध उभा केला.

"हा तुझा. नाक बघ, अगदी तुझं."

"तुला नाक दिसतंय?"

"तेवढं मोठं असलं की दिसतं."

ओटिलियेने हातातला केक तिच्या पुढ्यात आपटला. "खा. जानेवारीत दवाखान्यात मी येणार आहे बरोबर. कॉफीही मीच आणणार. गरम."